एडिंबरा की मँचेस्टर? ब्रिटनमधील नोकरीचा हाती पडणारा पगार कसा मोजावा

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील कंपनीतून ब्रिटनला जाण्याची संधी आली, की बहुतेकांचे पहिले काम पौंडाला रुपयाने गुणण्याचे असते आणि दुसरे काम घरभाड्याची चौकशी करण्याचे. नोकरी एडिंबरा किंवा ग्लासगोची असेल, तर या दोन्हींच्या आधी तिसरे एक काम उरकायला हवे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या नोकरदाराच्या पगारावरील प्राप्तिकराचे दर इंग्लंडमध्ये राहणाऱ्यापेक्षा वेगळे असतात, आणि पुण्यातून जाणाऱ्या अनुभवी अभियंत्याला किंवा बँकिंग क्षेत्रातील माणसाला साधारणपणे जो पगार देऊ केला जातो, नेमक्या त्याच पट्ट्यात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी हा हिशेब स्वतः कागदावर मांडून पाहावा, असा माझा आग्रह आहे. त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आपल्याला हा भेद चटकन सुचत नाही, याचे कारण उघड आहे. भारतात पगारावरील प्राप्तिकर केंद्राचा असतो. माणूस पुण्यात राहो वा बंगळुरूत, स्लॅब तेच राहतात. राज्य सरकारचा म्हणून पे-स्लिपवर दिसतो तो व्यवसाय कर, आणि तोही महाराष्ट्रात बहुतेक नोकरदारांना दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये इतकाच. त्याहून जास्त आकारण्यास राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने राज्यांना मनाई केली आहे. ब्रिटनमध्ये मात्र २०१६ च्या स्कॉटलंड कायद्याने पगार, पेन्शन, घरभाडे आणि स्वतःच्या व्यवसायाचा नफा यांवरील प्राप्तिकराचे दर व टप्पे ठरवण्याचा अधिकार एडिंबरातील स्कॉटिश संसदेला दिला, आणि एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. २०१८-१९ मध्ये तेथे पाच टप्पे झाले आणि २०२४-२५ मध्ये सहाव्याची भर पडली. करमुक्त मर्यादा किती असावी, हे मात्र आजही लंडनची संसदच ठरवते, आणि कराची वसुलीही सगळीकडे एकच खाते करते, ते म्हणजे एचएमआरसी.

दोन्हीकडचे दर

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढील ५ एप्रिलला संपते. येथील सर्व आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. पहिल्या १२,५७० पौंडांवर दोन्हीकडे कर नाही.

इंग्लंडमध्ये त्यापुढे ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के, तेथून १,२५,१४० पौंडांपर्यंत ४० टक्के आणि त्याच्या वर ४५ टक्के, असे तीनच टप्पे आहेत. वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथेही हेच दर लागू आहेत, त्यामुळे पुढे इंग्लंडच्या प्राप्तिकराच्या दरांबद्दल जे म्हटले आहे ते कार्डिफ किंवा बेलफास्टलाही लागू पडते.

स्कॉटलंडचे सहा टप्पे असे:

१२,५७१ ते १५,३९७ पौंड: १९ टक्के
१५,३९८ ते २७,४९१ पौंड: २० टक्के
२७,४९२ ते ४३,६६२ पौंड: २१ टक्के
४३,६६३ ते ७५,००० पौंड: ४२ टक्के
७५,००१ ते १,२५,१४० पौंड: ४५ टक्के
१,२५,१४० पौंडांच्या वर: ४८ टक्के

या तक्त्यात एका आकड्याखाली रेघ मारून ठेवावी: ४३,६६२. इंग्लंडमधील माणूस ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्क्यांतच असतो, तर स्कॉटलंडमधील माणूस त्याच्या ६,६०८ पौंड आधीच २१ टक्क्यांवरून एकदम ४२ टक्क्यांवर जातो. शिवाय नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून सक्तीने कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याची, वर्गणी संपूर्ण ब्रिटनमध्ये एकसारखी असून ती १२,५७० ते ५०,२७० पौंडांवर ८ टक्के आणि त्यापुढे २ टक्के आहे. तिचा टप्पा इंग्लंडच्या टप्प्याशी जुळवलेला आहे, स्कॉटलंडच्या नाही. परिणाम असा, की ४३,६६२ ते ५०,२७० या पट्ट्यात स्कॉटलंडमधील नोकरदाराच्या प्रत्येक वाढीव पौंडातून ४२ अधिक ८, म्हणजे निम्मा पौंड कापला जातो, तर इंग्लंडमध्ये त्याच पौंडातून २८ पेन्स जातात. कुशल कामगार व्हिसासाठी आवश्यक असलेला सर्वसाधारण किमान पगार २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाला आहे. म्हणजे या व्हिसावर जाणारे अनेकजण या पट्ट्याच्या उंबरठ्यावरच नोकरीला सुरुवात करतात, आणि पहिलीदुसरी पगारवाढ त्यांना थेट आत नेते.

एक प्रत्यक्ष तुलना

समजा, पुण्यातील एका डेटा इंजिनिअरच्या हाती दोन ऑफर आहेत. एडिंबराची ५०,००० पौंडांची आणि मँचेस्टरची ४८,५०० पौंडांची. पेन्शनची कपात सध्या बाजूला ठेवू.

एडिंबराच्या ऑफरमधील पहिले १२,५७० पौंड करमुक्त आहेत. पुढच्या २,८२७ पौंडांवर १९ टक्क्यांनी ५३७ पौंड १३ पेन्स, त्यापुढच्या १२,०९४ पौंडांवर २० टक्क्यांनी २,४१८ पौंड ८० पेन्स, नंतरच्या १६,१७१ पौंडांवर २१ टक्क्यांनी ३,३९५ पौंड ९१ पेन्स आणि उरलेल्या ६,३३८ पौंडांवर ४२ टक्क्यांनी २,६६१ पौंड ९६ पेन्स कर बसतो. एकूण प्राप्तिकर ९,०१३ पौंड ८० पेन्स. नॅशनल इन्शुरन्सचे २,९९४ पौंड ४० पेन्स वजा केल्यावर वर्षाला हाती ३७,९९१ पौंड ८० पेन्स येतात.

मँचेस्टरचा हिशेब दोन ओळींत संपतो. करमुक्त मर्यादेवरील ३५,९३० पौंडांवर २० टक्क्यांनी ७,१८६ पौंड प्राप्तिकर आणि ८ टक्क्यांनी २,८७४ पौंड ४० पेन्स नॅशनल इन्शुरन्स. हाती ३८,४३९ पौंड ६० पेन्स. कागदावर दीड हजार पौंडांनी लहान दिसणारी ऑफर प्रत्यक्षात वर्षाला सुमारे ४४८ पौंड जास्त देते. एडिंबराच्या कंपनीने हाती तेवढीच रक्कम पडू द्यायची, तर तिला ५०,८३० पौंडांच्या आसपास पगार द्यावा लागेल. पगाराची बोलणी करताना हा आकडा हाताशी असणे आणि नसणे, यात फार अंतर आहे. एचआरलाही तो मांडून दाखवता येतो. स्कॉटलंडमधील कंपन्यांना हा मुद्दा नवा नसतो.

आता समान पगाराची तुलना. ३०,००० पौंड पगारावर स्कॉटलंडमधील माणूस इंग्लंडपेक्षा तीन पौंड कमी कर भरतो, म्हणजे दोघेही जवळजवळ सारखेच. तराजू ३०,३१८ पौंडांशी बरोबरीत येतो. ४०,००० पौंडांवर स्कॉटलंडमध्ये ९७ पौंड जास्त, ५०,००० वर १,५२८ पौंड, ६०,००० वर १,७८२ पौंड, ७५,००० वर २,०८२ पौंड आणि एक लाख पौंडांवर ३,३३२ पौंड जास्त. चाळीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान हा फरक पंधरापटीहून अधिक वाढतो आणि त्यानंतर बराच सावकाश चढतो, हे या मालिकेतून दिसेल. म्हणून परिचारिका, नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी किंवा काळजीसेवेत काम करणारे यांनी या करभेदाची फारशी चिंता करू नये. उलट स्कॉटलंडमधील सरकारी आरोग्यसेवेत परिचारिकांची वेतनश्रेणीच इंग्लंडहून सरस आहे. पंचेचाळीस हजारांच्या पुढच्यांनी मात्र बारकाईने बघावे.

जानेवारी २०२६ मध्ये मांडलेल्या स्कॉटलंडच्या अर्थसंकल्पानुसार २०२६-२७ साठी १९ टक्क्यांचा टप्पा १६,५३७ पर्यंत आणि २० टक्क्यांचा टप्पा २९,५२६ पर्यंत ताणला आहे. त्यामुळे वरच्या पगारांवरील फरक सुमारे ३२ पौंडांनी आटतो आणि बरोबरीचा बिंदू ३३,४९३ पर्यंत सरकतो. ४३,६६२ ची सीमा मात्र २०२१-२२ पासून आहे तिथेच आहे. टप्पे दरवर्षी ठरतात, तेव्हा आपण ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचा तक्ता स्कॉटिश सरकारच्या संकेतस्थळावरून घेऊन हाच हिशेब पुन्हा मांडावा.

स्कॉटिश करदाता कोणाला म्हणायचे

याबाबत पुण्यात बसून अंदाज बांधणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो. कंपनी कुठली, तिचे मुख्यालय कुठे, पगार कोणत्या शहरातून जमा होतो, ऑफिस कुठे, यांपैकी कशालाही महत्त्व नाही. ब्रिटनचा निवासी असलेल्या माणसाचे मुख्य राहते घर त्या करवर्षात अधिक काळ कुठे होते, एवढाच प्रश्न विचारला जातो. इंग्लंडच्या उत्तर टोकाला बेरिक-अपॉन-ट्वीड हे गाव आहे. तेथून एडिंबरा रेल्वेने पाऊण तासाच्या अंतरावर आहे. तेथे राहून रोज एडिंबराच्या ऑफिसात जाणारा माणूस इंग्लंडच्या दराने कर भरतो. उलट ग्लासगोत राहून लंडनच्या कंपनीचे काम घरून करणारा स्कॉटलंडच्या दराने भरतो. दरमहा चार दिवस लंडनच्या हॉटेलात काढल्याने त्यात काही बदलत नाही.

दोन घरे असतील तेव्हा थोडा विचार करावा लागतो. बायको-मुले एडिंबरात आणि नोकरीसाठी लीड्समध्ये भाड्याची खोली, अशा स्थितीत रात्री लीड्समध्ये जास्त काढल्या तरी मुख्य घर बहुधा एडिंबराचेच ठरते, कारण संसार तेथे आहे. डॉक्टरकडची नोंदणी, बँकेला दिलेला पत्ता, मुलांची शाळा, सामानसुमान, या सगळ्यावरून ते पाहिले जाते. मुख्य घर कोणते हे ठरवताच येत नसेल, तरच रात्री मोजण्याची पाळी येते.

दुसरी महत्त्वाची बाब अशी, की वर्षाचे तुकडे पडत नाहीत. मँचेस्टरहून ग्लासगोला ऑगस्टमध्ये घर हलवले, तर त्या वर्षातला मोठा भाग स्कॉटलंडमध्ये जातो आणि एप्रिलपासूनचा सगळा पगार स्कॉटलंडच्या दराखाली येतो. तेच घर नोव्हेंबरात हलवले, तर पुढच्या ५ एप्रिलपर्यंत इंग्लंडचेच दर राहतात. वर्षाची मधली रेषा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडते. ज्यांना घर हलवण्याची तारीख स्वतः निवडता येते, त्यांनी ही रेषा ध्यानात ठेवून भाडेकरार करावा.

पहिली पे-स्लिप

पहिला पगार हाती आला की पे-स्लिपवर टॅक्स कोड शोधावा. इंग्लंडमध्ये तो सामान्यतः १२५७एल असतो आणि स्कॉटलंडमध्ये त्याच्या आधी एस लागून एस१२५७एल होतो. वेल्ससाठी आधी सी लागतो. हा एस कंपनी आपल्या मनाने लावू शकत नाही. एचएमआरसीने तिच्या दप्तरी असलेल्या तुमच्या पत्त्यावरून कळवल्यावरच तो लागतो. नवख्या माणसाचा पत्ता तेथे पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर इंग्लंडच्या दराने, म्हणजे वरच्या पगारावर बहुधा कमी, कर कापला जातो. त्या महिन्यांत हाती दोन पैसे जास्त आले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण वर्षअखेरीस हिशेब झाल्यावर ती तूट पुढच्या कोडमधून वसूल होते. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक मिळताच एचएमआरसीच्या संकेतस्थळावर स्वतःचे वैयक्तिक कर खाते उघडावे आणि राहता पत्ता स्वतः नोंदवावा. घर बदलल्यावर कंपनीला कळवले म्हणजे एचएमआरसीला कळले, असे होत नाही.

कोडच्या शेवटी एम१ असे अक्षर-अंक दिसले, तर तो तात्पुरता कोड आहे आणि त्यात प्रत्येक महिन्याचा कर सुटा मोजला जातो, मागील महिन्यांची न वापरलेली सूट त्यात धरली जात नाही. कंपनीचे नव्या कर्मचाऱ्याचे माहितीपत्रक पहिल्याच दिवशी नीट भरून दिले, तर हे बहुधा टळते.

पहिल्या वर्षाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे पुष्कळजण चुकीचा निष्कर्ष काढतात. ऑक्टोबरात रुजू झालेल्या माणसालाही संपूर्ण वर्षाची १२,५७० पौंडांची सूट आणि संपूर्ण वर्षाचे टप्पे मिळतात. ५०,००० पौंडांच्या वार्षिक पगाराचा माणूस एप्रिलपर्यंत २५,००० पौंडच कमावतो, आणि तेवढ्यावर स्कॉटलंडमध्ये २,४५८ पौंड, तर इंग्लंडमध्ये २,४८६ पौंड प्राप्तिकर बसतो. म्हणजे पहिल्या वर्षी स्कॉटलंड २८ पौंडांनी स्वस्तच ठरते. खरा भार पुढच्या वर्षात जाणवू लागतो. तेव्हा आधी तेथे गेलेल्या मित्राने पहिल्या हिवाळ्यातील पे-स्लिप पाठवून काही फरक पडत नाही असे सांगितले, तर त्याच्याकडून त्यानंतरच्या वर्षातील एखादी स्लिप मागवावी.

पुण्यातील भाडे, ठेवी आणि शेअर

स्कॉटलंडचे दर सर्व उत्पन्नाला लागत नाहीत. व्याज आणि लाभांश यांवर स्कॉटिश करदात्यालाही संपूर्ण ब्रिटनचेच दर व टप्पे लागू होतात. भांडवली नफ्याचेही तसेच. घरभाडे मात्र पगाराच्या बाजूचे मानले जाते, आणि पुण्यात फ्लॅट ठेवून जाणाऱ्यांनी हे नीट समजून घेतले पाहिजे.

उदाहरणार्थ, ग्लासगोत ४६,००० पौंड पगार असलेल्या गृहस्थांना कोथरूडच्या फ्लॅटचे खर्च वजा जाता २,४०० पौंडांइतके भाडे आणि बँकेतील ठेवींवर ९०० पौंडांइतके व्याज मिळते, असे धरू. त्यांचे एकूण उत्पन्न ५०,२७० च्या आत असल्यामुळे ब्रिटनच्या मोजपट्टीनुसार ते मूळ, म्हणजे २० टक्के दराचेच करदाते ठरतात आणि त्यांना १,००० पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त मिळते. पगारावर ४२ टक्के देणाऱ्यालाही ही सवलत पूर्ण मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. भाड्यावर मात्र ४२ टक्क्यांनी १,००८ पौंड कर येतो. हेच गृहस्थ लिव्हरपूलला राहत असते तर तो ४८० पौंड झाला असता. भारतात त्याच भाड्यावर भरलेला कर भारत-ब्रिटन दुहेरी करटाळणी करारानुसार यातून वजा मिळतो, पण फरकाची रक्कम भरावीच लागते.

कंपनीकडून मिळणारे शेअर ज्या दिवशी तुमच्या नावे होतात, त्या दिवशीची त्यांची किंमत पगार म्हणून धरली जाते आणि तिला स्कॉटलंडचे दर लागतात. पुढे त्याच शेअरवर मिळणाऱ्या लाभांशाला ब्रिटनचे दर लागतात. एनआरई खात्यातील (अनिवासी भारतीयांच्या रुपयांतील खात्यातील) व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून ते ब्रिटनमध्येही करमुक्त आहे, असा समज पुण्यात सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

लागोपाठ दहा करवर्षे ब्रिटनबाहेर राहून आलेल्यांसाठी एप्रिल २०२५ पासून पहिल्या चार वर्षांतील परदेशी उत्पन्न करमुक्त करून घेण्याची सोय आहे. पुण्यातून प्रथमच जाणारा जवळजवळ प्रत्येकजण तिला पात्र असतो. पण ती घेतली, की त्या वर्षीची १२,५७० पौंडांची सूट जाते. ५०,००० पौंड पगाराच्या स्कॉटिश करदात्याला त्यापोटी ५,२७९ पौंड जादा कर भरावा लागतो. एका फ्लॅटचे भाडे आणि चार मुदतठेवी असलेल्याने हा सौदा करू नये. वडिलोपार्जित मालमत्तेचे किंवा घरच्या धंद्याचे भक्कम उत्पन्न असेल, तरच दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात.

पेन्शनमधून काय वाचते

ज्या पट्ट्यात निम्मा पौंड कापला जातो, त्याच पट्ट्यातील पगार पेन्शनकडे वळवणे सर्वांत फायद्याचे असते. ५०,००० पौंड पगाराच्या माणसाने पगारकपातीच्या पद्धतीने (सॅलरी सॅक्रिफाइस, म्हणजे पगाराचा तेवढा भाग सोडून देऊन तो कंपनीने थेट पेन्शनमध्ये भरणे) ६,३३८ पौंड पेन्शनला वळवले, तर स्कॉटलंडमध्ये त्याच्या हाती येणारी रक्कम ३,१६९ पौंडांनीच घटते. इंग्लंडमध्ये ती ४,५६३ पौंडांनी घटली असती. अर्थात हे पैसे आज वयाच्या ५५व्या आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७व्या वर्षापर्यंत अडकून राहतात. तीन-चार वर्षांत परत येऊन पुण्यात घर घ्यायचे ठरवलेल्या तिशीतील माणसाने केवळ कर वाचतो म्हणून मोठी रक्कम तेथे कोंडू नये, असे माझे मत आहे. पण कंपनी स्वतःच्या हिश्शाने जेवढी भर घालते, तेवढी वर्गणी तरी सोडू नये. कपात सुरू करण्यापूर्वी व्हिसासाठी नोंदवलेल्या पगाराला धक्का लागत नाही ना, हे एचआरकडून लेखी घ्यावे. या पद्धतीतील नॅशनल इन्शुरन्सची सूट एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांच्या वर्गणीपुरतीच ठेवण्याचे ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे, तेही लक्षात असू द्यावे.

कंपनीची पेन्शन कोणत्या पद्धतीची आहे, हेही विचारावे. काही योजनांत, उदाहरणार्थ नेस्टमध्ये, कर कापून झालेल्या पगारातून वर्गणी जाते आणि योजना स्वतः सरकारकडून २० टक्के परतावा आणते. स्कॉटलंडमध्ये २१ टक्के भरणाऱ्याला उरलेला १ टक्का आणि ४२ टक्के भरणाऱ्याला उरलेले २२ टक्के आपोआप मिळत नाहीत. ते एचएमआरसीकडे स्वतः मागावे लागतात. मागितले नाहीत, तर ते तसेच राहतात. वर्षाला ३,००० पौंडांची एकूण वर्गणी ४२ टक्क्यांच्या टप्प्यातून जात असेल, तर ही विसरलेली रक्कम ६६० पौंडांची होते.

जोडीदार नोकरी करत नसेल, तर त्याच्या करमुक्त मर्यादेतील १,२६० पौंड आपल्याकडे वळवून वर्षाला २५२ पौंड वाचवता येतात. त्यासाठी इंग्लंडमध्ये उत्पन्न ५०,२७० पर्यंत चालते, स्कॉटलंडमध्ये ४३,६६२ पर्यंतच.

एक लाख पौंडांच्या वर जाणाऱ्यांपुरते थोडक्यात: दर दोन पौंड जादा उत्पन्नामागे करमुक्त मर्यादा एका पौंडाने घटते आणि १,२५,१४० ला ती संपते. या पट्ट्यात प्राप्तिकराचा प्रत्यक्ष दर इंग्लंडमध्ये ६० टक्के आणि स्कॉटलंडमध्ये साडेसदुसष्ट टक्के पडतो. या पातळीवरचे वरिष्ठ डॉक्टर आणि अधिकारी यांनी तेथील कर सल्लागाराची फी देणे परवडते.

पुण्याच्या कंपनीतर्फे ठरावीक काळासाठी पाठवले जात असेल, तर करारात हाती पडणारी रक्कम निश्चित केली आहे की कर वजा करण्यापूर्वीची, हे वाचावे. पहिल्या प्रकारात स्कॉटलंडचा वाढीव कर कंपनी सोसते. दुसऱ्या प्रकारात तो तुमच्या खिशातून जातो.

कराव्यतिरिक्त तुलनेत धरण्याजोगी एक बाब आहे. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांचे पैसे पडत नाहीत, इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स पडतात. मधुमेह किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांना इंग्लंडमध्येही सूट असते, पण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला तेथे ती आपोआप मिळत नाही. स्कॉटलंडमधील मोफत विद्यापीठ शिक्षणाचा मात्र नव्याने व्हिसावर गेलेल्यांच्या मुलांना लगेच लाभ होत नाही, म्हणून तो या तुलनेत धरू नये.

निघताना आणि परतताना

भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याचा त्या वर्षातील भारतातील मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला, तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो आणि ब्रिटनमधील पगार भारतात करपात्र राहत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यानंतर निघाल्यास हा हिशेब बिघडतो. मग ब्रिटनचा पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो आणि तेथे भरलेल्या कराची वजावट मागावी लागते. स्कॉटलंडच्या दराने भरलेला कर हा ब्रिटनचाच प्राप्तिकर असल्याने त्याची वजावट मिळते, मात्र त्या उत्पन्नावर भारतात जेवढा कर बसतो तेवढीच. वजावटीसाठी पगाराच्या सर्व स्लिपा आणि करवर्ष संपल्यावर कंपनीकडून मिळणारा पी६०, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला, जपून ठेवावा. दोन्ही देशांची वर्षे जुळत नसल्यामुळे पी६० मधील एकूण आकडा पुण्यातल्या सीएच्या उपयोगाचा नसतो. त्याला महिन्यागणिक आकडे हवे असतात.

कायमचे परतताना कंपनीकडून पी४५, म्हणजे नोकरी सोडेपर्यंतच्या पगाराचा व कराचा दाखला, घ्यावा आणि ब्रिटन सोडत असल्याचे कळवणारा पी८५ हा फॉर्म एचएमआरसीकडे भरावा. वर्षाच्या मध्यावर नोकरी सोडलेल्याचे त्या वर्षाचे टप्पे पूर्ण वापरलेले नसतात, आणि ४२ टक्क्यांनी कर कापला गेलेल्याचा काही कर त्यामुळे परत येणे लागतो. परताव्यासाठी ब्रिटनमधील बँक खाते पैसे जमा होईपर्यंत बंद करू नये.